क्लीनअप मारलं की जातं, रात्री दोनला पुन्हा येतं: पेसमेकरमधल्या ‘फेल्ड ॲक्शन’चं काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. दोन नोडचं (सर्व्हरचं) पेसमेकर क्लस्टर, म्हणजे एक सर्व्हर पडला तर सेवा दुसऱ्यावर हलवणारी व्यवस्था; दोन्ही नोड व्हीएमवेअरवरच्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). सॅनची (स्टोरेज नेटवर्कची) एक सामायिक डिस्क, तिच्यावर एक्सएफएस फाइलसिस्टीम, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि सोबत व्हर्च्युअल आयपी, सगळं एका ग्रुपमध्ये. रोज रात्री दोनच्या सुमारास स्टेटसच्या तळाशी ‘फेल्ड रिसोर्स ॲक्शन्स’मध्ये डेटाबेसचा मॉनिटर (ठराविक वेळाने होणारी तपासणी) टाइमआउट झालेला दिसतो. सकाळी तुम्ही क्लीनअप मारता, नोंद जाते. मागच्या आठवड्यात तुम्ही सुट्टीवर असताना तिसऱ्या रात्री फाइलसिस्टीम पहिल्या नोडवर ‘ब्लॉक्ड’ होऊन बसली, डेटाबेस दुसऱ्या नोडवर गेलाच नाही आणि सकाळी काउंटर उघडेपर्यंत सगळं बंद. फेन्सिंग, म्हणजे अडकलेला नोड क्लस्टरनेच सक्तीने बंद करण्याची सोय, बंद आहे. विचारलंय एवढंच: मॉनिटरचा टाइमआउट ३० वरून १२० सेकंद करू का, आणि त्या रात्री दुसऱ्या नोडवर हाताने माउंट केलं असतं तर चाललं असतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते कशावरही अवलंबून नाही: नाही, अजिबात नाही. का ते पुढे येईलच. पहिल्याचं उत्तर ‘कदाचित, पण आत्ता नाही’ असं आहे.

आधी एक गोष्ट बहुधा तुमच्या लक्षात आलेली नाही. मॉनिटर नापास झाला की पेसमेकर नुसती नोंद करून गप्प बसत नाही. मॉनिटरसाठी ऑन-फेलची (नापास झाल्यावर काय करायचं त्या सेटिंगची) डिफॉल्ट किंमत रीस्टार्ट आहे. म्हणजे रोज रात्री दोनला तुमचा डेटाबेस बंद होऊन पुन्हा चालू होतोय. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ‘डेटाबेस सिस्टीम इज रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स’ ही ओळ शोधा. ती रोज दोन वाजून काही मिनिटांनी सापडली तर माझं म्हणणं बरोबर. रात्री कोणी वापरकर्ता नसतो, म्हणून बोंब झाली नाही इतकंच.

आता सुट्टीचं. तुम्ही दिलेल्या कॉन्फिगमध्ये मायग्रेशन-थ्रेशोल्ड (किती वेळा नापास झाल्यावर नोड सोडायचा तो आकडा) ३ आहे आणि फेल्युअर-टाइमआउट दिलेलाच नाही. तो दिला नाही तर त्याची किंमत शून्य, म्हणजे फेलकाउंट (किती वेळा नापास झालं ती मोजणी) आपोआप कधीच उतरत नाही. प्रत्येक रात्री तो एकाने वाढतो आणि तीनला पोचला की तो नोड त्या रिसोर्सला (क्लस्टरच्या ताब्यातल्या सेवेला) बंद. तुमच्या रोजच्या क्लीनअपने काउंट शून्यावर येत होता, म्हणून तीनपर्यंत कधी गेलाच नाही. तुम्ही नव्हतात, क्लीनअप झालं नाही, तिसऱ्या रात्री काउंट तीन झाला आणि क्लस्टरने नियमाप्रमाणे पूर्ण ग्रुप दुसऱ्या नोडवर हलवायला घेतला. थर्मामीटर झटकून पारा खाली आणला म्हणून ताप उतरत नाही. क्लीनअपचं काम तेवढंच आहे. नोंद पुसते, आजार तिथेच.

म्हणून माझा पहिला नियम: क्लीनअप करण्याआधी नोंद वाचून, कॉपी करून ठेवायची. त्या एका ओळीत बरंच काही असतं. तुम्ही टाकलेल्या आउटपुटमध्ये डेटाबेसच्या मॉनिटरसमोर ‘टाइम्ड आउट’ आणि एक्झेक (क्रियेला लागलेला वेळ) ३०००२ मिलिसेकंद आहे. फाइलसिस्टीमच्या ओळीत क्रिया ‘स्टॉप’, नोड पहिला, पुन्हा ‘टाइम्ड आउट’, एक्झेक ६०००१. दोन्ही ठिकाणी ‘क्यूड’ शून्य, म्हणजे क्रिया रांगेत थांबली नाही; सुरू झाली आणि दिलेल्या वेळेत परतली नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. एजंटने (सेवा सुरू करणाऱ्या, थांबवणाऱ्या आणि तपासणाऱ्या स्क्रिप्टने) स्वतः ‘एरर’ म्हणून कोड परत दिला असता तर मी पासवर्ड, कनेक्शनची मर्यादा, परवानग्या असल्या गोष्टींकडे गेलो असतो. उदाहरणार्थ, पोस्टग्रेसची कनेक्शन्स संपली असतील तर एजंट लगेच तक्रार करतो, तीस सेकंद ताटकळत नाही. ताटकळणं म्हणजे बहुतेक वेळा डिस्क किंवा गोठलेली व्हीएम.

कोड येतात तेव्हा तेही वाचायला शिका, फार नाहीत. ७ म्हणजे ‘चालू नाही’. नेहमीच्या मॉनिटरमध्ये ७ आला तर प्रोसेस मेलेली आहे. पण मधला कालावधी शून्य असलेल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे प्रोबमध्ये (रिसोर्स आधीच चालू आहे का या एकदाच्या तपासणीत), ७ हेच अपेक्षित उत्तर असतं. ५ म्हणजे ‘इन्स्टॉल नाही’: एका नोडवर पॅकेज टाकलं आणि दुसऱ्यावर विसरलं, हा अगदी नेहमीचा प्रकार. ६ म्हणजे कॉन्फिगच चुकीचं, आणि मग क्लस्टर कुठल्याच नोडवर प्रयत्न करत नाही. दुसऱ्या नोडवरच्या प्रोबमध्ये ० आला तर मात्र सावध व्हा. रिसोर्स तिथे आधीच चालू आहे, बहुधा कोणीतरी सिस्टमडीमध्ये (लिनक्सच्या सर्व्हिस मॅनेजरमध्ये) सर्व्हिस ‘इनेबल’ करून ठेवलीय. क्लस्टरच्या ताब्यातली सर्व्हिस सिस्टमडीत डिसेबलच हवी, दोन्हीकडे.

कोणती क्रिया नापास झाली यावरून काळजी किती करायची ते ठरतं. मॉनिटर नापास झाला तर रीस्टार्ट. स्टार्ट नापास झाला तर स्टार्ट-फेल्युअर-इज-फेटल डिफॉल्टने चालू असल्याने त्या नोडचा फेलकाउंट एका झटक्यात इन्फिनिटी, म्हणजे १००००००, आणि रिसोर्स दुसरीकडे. स्टॉप नापास झाला तर मात्र क्लस्टरचे हात बांधले जातात. पहिल्या नोडवर ती गोष्ट खरंच थांबली का हेच माहीत नसताना दुसऱ्यावर सुरू करणं धोक्याचं. अशा वेळी फेन्सिंग असेल तर तो नोड बंद करून प्रश्न मिटवला जातो. नसेल तर ‘ब्लॉक’, माणूस येईपर्यंत. तुमच्याकडे हेच झालं. क्लस्टर बिघडलं नव्हतं, तुम्ही दिलेल्या कॉन्फिगप्रमाणेच वागलं. ग्रुप उलट क्रमाने थांबतो, त्यामुळे डेटाबेस व्यवस्थित बंद झाला, आयपी उतरला, आणि फाइलसिस्टीमपाशी गाडी अडली. दोन्ही सर्व्हर ठणठणीत आणि सेवा बंद.

आता रात्री दोनला होतं काय? तुम्ही पुढच्या प्रतिसादात सहज लिहिलंय की पावणेदोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) बॅकअप सुरू होतो: पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारा प्रोग्राम) चालतो, गझिप होऊन फाइल डेटाच्याच डिस्कवरच्या डंप फोल्डरमध्ये पडते, मग ती एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) कॉपी होते. माझा संशय पूर्णपणे यावर आहे, आणि गंमत म्हणजे मॉनिटर आणि स्टॉप दोन्हीचं कारण हेच असू शकतं.

मॉनिटरचं आधी. पोस्टग्रेसचा एजंट प्रत्येक वेळी नवं कनेक्शन उघडून एक साधी क्वेरी चालवतो, डिफॉल्ट ‘सिलेक्ट नाऊ’. क्वेरीला काहीच वेळ लागत नाही, पण त्याआधी नवी शेल, नवा क्लायंट, सर्व्हरकडून नवी बॅकएंड प्रोसेस हे सगळं व्हावं लागतं. त्याच डिस्कवर डंप वाचतोय आणि लिहितोही आहे, रांग लांब झाली की हे सगळं अडकतं. रात्री पावणेदोन ते अडीच आयओस्टॅटचे (डिस्कचा भार दाखवणाऱ्या कमांडचे) आकडे दर पाच सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवा. त्या डिस्कचा अवेट (एका मागणीला लागणारा सरासरी वेळ, मिलिसेकंदांत) दोनच्या सुमारास शेकड्यांत किंवा हजारांत गेलेला दिसला तर चोर सापडला.

आता अनमाउंट साठ सेकंदांत का झालं नाही. दोन संशयित आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असतो: कोणीतरी त्या माउंटवर फाइल उघडून बसलंय. तुमच्या स्क्रिप्टची पहिलीच ओळ ‘सीडी’ करून डंप फोल्डरमध्ये जाते. म्हणजे स्क्रिप्ट जिवंत असेपर्यंत तिची चालू डिरेक्टरी माउंटवर आहे, आणि एनएएसवर कॉपी करणारी प्रोसेस तिथलीच फाइल वाचतेय. फाइलसिस्टीमचा एजंट अशा प्रोसेसना मारण्याचा प्रयत्न करतो, पण डिस्कच्या उत्तराची वाट पाहत डी स्टेटमध्ये अडकलेली प्रोसेस किल-९ लाही दाद देत नाही.

दुसऱ्या संशयिताकडे लोक कमी बघतात. अनमाउंट करताना कर्नलला मेमरीत साठलेला, डिस्कवर अजून न गेलेला डेटा आधी लिहून काढावा लागतो. व्हीएम-डर्टी-रेशो डिफॉल्टने २० टक्के असतो. तुमच्या नोडला ६४ जीबी मेमरी आहे. वापरण्याजोगी बहुतेक मोकळी धरली तर ढोबळमानाने बारा जीबीपर्यंत डर्टी पेजेस साठू शकतात. डिस्क त्या वेळी सेकंदाला १०० एमबीच घेत असेल तर नुसतं लिहून काढायला दोन मिनिटं. तुमचा स्टॉप टाइमआउट साठ सेकंद. गणित जुळतच नाही. प्रोक-मेमइन्फोमधला ‘डर्टी’चा आकडा बॅकअपच्या वेळी पाहा, लगेच कळेल.

आणि आता याच ओघात एक जास्त गंभीर गोष्ट. रोज रात्री बॅकअप चालू असताना डेटाबेस रीस्टार्ट होत असेल, तर पीजी-डंपचं कनेक्शन तुटतं आणि डंप अर्धवट राहतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये डंपचं आउटपुट पाइपने गझिपला दिलंय आणि ‘पाइपफेल’ सेट केलेलं नाही. बॅश पाइपच्या शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड धरतं, म्हणजे गझिपचा, आणि गझिप बिचारा मिळालं तेवढं दाबून शून्य परत देतो. क्रॉनच्या मेलमध्ये ‘बॅकअप यशस्वी’. म्हणजे क्लस्टरच्या स्टेटसवर नापास दिसणारं एक काम तुम्ही रोज पाहत होतात आणि खरं नापास झालेलं काम यशस्वी म्हणून नोंदलं जात होतं. आजच, इतर काही करण्याआधी, मागच्या दहा-पंधरा रात्रींच्या फाइलींची साइझ पाहा, त्यांतली एक उघडून शेवटच्या ओळी पाहा. साध्या फॉरमॅटमधल्या पूर्ण डंपच्या शेवटी ‘पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट’ ही कॉमेंट असते. ती ओळ नसेल तर तो बॅकअप नाही. मग एका टेस्ट मशीनवर पूर्ण रीस्टोअर करून बघा.

हे सगळं संशयच आहे, पुरावा तुमच्या लॉगमध्ये आहे. क्लस्टरने काय ठरवलं ते डीसी (क्लस्टरच्या वतीने निर्णय घेणारा) असलेल्या नोडच्या लॉगमध्ये असतं, घडलं ते प्रत्येक नोडच्या. त्यामुळे दोन्हीकडचे लॉग एकत्र लावून वाचावे लागतात आणि त्यासाठी दोन्हीकडे क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) नीट चालू हवी. घड्याळात वीस सेकंदांचा फरक असला तरी कारण आणि परिणाम उलटे दिसतात. पेसमेकरच्या लॉगमध्ये ‘कॅल्क्युलेटेड ट्रान्झिशन’ या शब्दांची ओळ शोधा. तिच्यात एका पीई-इनपुट फाइलचं नाव असतं. ती क्रम-सिम्युलेटला दिली की त्या क्षणी क्लस्टरला काय दिसत होतं आणि त्याने काय ठरवलं ते जसंच्या तसं मिळतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र या फाइली कायम राहत नाहीत, जुन्या जातात, म्हणून घटनेनंतर लगेच क्रम-रिपोर्टने दोन्ही नोडचं सगळं गोळा करून ठेवायचं.

व्हीएम आहेत म्हणून आणखी एक शक्यता तपासाच. रात्री दोनला व्हर्च्युअलायझेशनच्या टीमचा व्हीएम-बॅकअप, म्हणजे स्नॅपशॉट, चालतो का? स्नॅपशॉट घेताना आणि विशेषतः काढताना व्हीएम काही सेकंद गोठू शकते. कोरोसिंकच्या (नोडांमधला संपर्क सांभाळणाऱ्या भागाच्या) लॉगमध्ये ‘मेन प्रोसेस वॉज नॉट शेड्यूल्ड फॉर’ अमुक मिलिसेकंद अशी ओळ सापडली, तर व्हीएम गोठत असल्याची शक्यता दाट आणि विषय तुमच्या हातातून हायपरव्हायझरवाल्यांकडे जातो. टोकनचा टाइमआउट (नोड गेला असं धरण्याआधी थांबायचा वेळ) कोरोसिंक ३.१ पासून डिफॉल्ट ३००० मिलिसेकंद आहे, आधी १००० होता. जुन्या आवृत्तीवर असाल तर तो वाढवणं योग्यच. पण गोठण्याचं कारण स्नॅपशॉट असेल तर दोन्ही नोड एकाच वेळेच्या शेड्यूलमधून आधी काढा. जाता जाता हेही विचारा की दोन्ही व्हीएम एकाच फिजिकल होस्टवर तर नाहीत ना. मी हे विचारतो तेव्हा फोनवर बऱ्याचदा शांतता पसरते.

टाइमआउट वाढवायचा का? मॉनिटरचा १२० करून ठेवलात तर रात्रीची नोंद बहुधा जाईल. पण मग दिवसा डेटाबेस खरोखर लटकला तर क्लस्टरला कळायलाच दोन मिनिटं जातील, त्यावर थांबवणं आणि सुरू करणं वेगळं. तुमच्या काउंटरला ते चालणार आहे का, हे तुम्ही आणि तुमचे साहेब ठरवा. मी बाहेरून सांगू शकत नाही. मी तुमच्या जागी असतो तर मॉनिटर साठवर नेला असता, तोही बॅकअपचा भार हलवल्यानंतर. फाइलसिस्टीमचा स्टॉप मात्र आजच वाढवा. हे आकडे कागदावर ठरवायचे नसतात. सुट्टीच्या दिवशी, पूर्ण भार असताना ग्रुप एका नोडवरून दुसऱ्यावर हलवा, प्रत्येक स्टॉपला किती वेळ लागला ते लॉगमधून काढा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट टाइमआउट ठेवा. पोस्टग्रेसला बंद होताना चेकपॉइंट पूर्ण करावा लागतो, तोही भार असताना लांबतो. त्याचाही स्टॉप त्याच वेळी मोजा. हलवायला ‘मूव्ह’ कमांड वापरलीत तर जुन्या पीसीएसमध्ये (क्लस्टर चालवण्याच्या कमांडलाइन साधनात) ती सीएलआय-बॅन किंवा सीएलआय-प्रीफर नावाचं लोकेशन बंधन मागे ठेवून जाते. ते ‘क्लिअर’ केलं नाही तर पुढचा फेलओव्हर ‘का होत नाही’ म्हणून तुम्ही पुन्हा प्रश्न विचारायला याल.

बॅकअपचं असं करा. डंप वेगळ्या डिस्कवर घ्या, डेटाच्या डिस्कवर नको. स्क्रिप्टची पहिली ओळ रूट डिरेक्टरीत जाणारी हवी, आणि तिच्यात ‘पाइपफेल’ हवंच. आणखी एक: क्रॉन फक्त पहिल्या नोडवर आहे. ज्या दिवशी डेटाबेस दुसऱ्या नोडवर असेल त्या रात्री बॅकअप होणारच नाही. यासाठी हार्टबीटच्या एजंटांमध्ये सिमलिंक नावाचा एक एजंट आहे, क्रॉनच्या फाइली रिसोर्स असेल त्या नोडवरच लागू व्हाव्यात असल्याच कामासाठी बनवलेला. तो ग्रुपच्या शेवटी जोडला की क्रॉनची फाइल डेटाबेसच्या मागोमाग फिरते. फक्त तुमच्या वितरणातलं क्रॉन सिमलिंक बदललेला आपोआप ओळखतं की त्याला रीलोड करावं लागतं ते तपासून घ्या. नको असेल ती भानगड, तर दोन्हीकडे क्रॉन ठेवा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंट या नोडवर आहे का’ एवढं तपासा.

आता फेन्सिंग, आणि हाताने माउंट करण्याचा प्रश्न. एक्सएफएस किंवा एक्स्ट-४ एका वेळी एकाच मशीनने वापरायची फाइलसिस्टीम आहे. त्या रात्री पहिल्या नोडच्या मेमरीत कदाचित काही जीबी डेटा डिस्कवर जायची वाट बघत होता. तुम्ही दुसऱ्या नोडवर माउंट करून डेटाबेस सुरू केला असता आणि पाच मिनिटांनी पहिल्याची डिस्क मोकळी होऊन त्याने तो सगळा डेटा लिहिला असता, तर मेटाडेटाची वाट लागली असती, आणि त्यातून कोणतीही दुरुस्ती पूर्ण बाहेर काढत नाही. त्या रात्री बरोबर मार्ग एकच होता: व्हीसेंटरमधून (व्हीएमवेअरच्या मध्यवर्ती नियंत्रणातून) पहिली व्हीएम पॉवर ऑफ करायची, बंद झाल्याचं डोळ्यांनी बघायचं, आणि मग क्लस्टरला पुढचं करू द्यायचं. रीबूट नाही, शटडाउन नाही, पॉवर ऑफ. पोस्टग्रेसचा कमिट झालेला डेटा वॉलमध्ये (बदलांची आधीच लिहिलेली नोंद, डब्ल्यूएएल) डिस्कवर असतो, दुसऱ्या नोडवर गरज पडली तर तो रिकव्हरी करून उभा राहतो. गेली असती ती अर्धवट डंपची फाइल, आणि ती तशीही कामाची नव्हती.

फेन्सिंग हेच काम झोपेतून कोणाला न उठवता करतं. ते बंद असताना क्लस्टर दिसेनासा झालेला नोड बंदच आहे असं गृहीत धरतं. तुमचं दोन नोडांमधलं नेटवर्क एक दिवस तुटलं तर दोन्ही नोड हेच गृहीत धरतील, आणि मग वर लिहिलेलं मेटाडेटाचं चित्र कोणी हात न लावताही घडेल. टू-नोड सेटिंगमध्ये एकटा नोडही कोरम (निर्णय घेण्यापुरतं बहुमत) धरून ठेवतो, त्यामुळे कोरम तुम्हाला इथे वाचवत नाही. मॅनेजर ‘फेन्सिंगमुळे सर्व्हर उगाच रीबूट होतात’ म्हणत असतील तर त्यांना सांगा की उगाच रीबूट होण्याचं कारण शोधायचं असतं, फेन्सिंग बंद करायचं नसतं.

व्हीएमवेअरसाठी फेन्स-व्हीएमवेअर-रेस्ट हा एजंट आहे. त्याला व्हीसेंटर चालू लागतं आणि तेवढ्याच अधिकारांचं वेगळं खातं लागतं, ज्याचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी गुपचूप संपणार नाही असं. व्हीसेंटरवर अवलंबून राहायचं नसेल तर सामायिक डिस्कवरचं एसबीडी (डिस्कवरच्या संदेशाने नोडला स्वतःला बंद करायला लावणारं) हा दुसरा पर्याय. कोणता घ्यायचा ते तुमच्याकडे व्हीसेंटर किती भरवशाचं आहे त्यावर. दोन्ही नोड एकाच वेळी एकमेकांना बंद करायला निघू नयेत म्हणून एका डिव्हाइसवर पीसीएमके-डिले-बेस काही सेकंद ठेवा. लावून झाल्यावर पीसीएस स्टोनिथ फेन्सने दोन्ही नोड आळीपाळीने खरंच पाडून बघा. चाचणी न केलेलं फेन्सिंग आहे असं मी धरत नाही.

बदल करताना आधी मेंटेनन्स मोड लावा आणि झाल्यावर काढायला विसरू नका, कारण त्यात मॉनिटरही थांबलेले असतात आणि वरवर सगळं छान दिसतं.

आज रात्रीचा आयओस्टॅट, उद्या सकाळी क्लीनअपच्या आधीचा फेलकाउंटसकट क्रम-मॉनचा (क्लस्टरचं स्टेटस दाखवणाऱ्या कमांडचा) आउटपुट, आणि दोन्ही नोडवरच्या कोरोसिंक लॉगचा पावणेदोन ते अडीचचा तुकडा इथे टाका. होस्टची नावं आणि आयपी बदलून टाका. मॉनिटरचा नेमका आकडा त्यावरून सांगतो. डंपच्या फाइलींचं मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता आत्ता बघा.